सत्तावीस नावांची यादी

माझी सगळी नोकरी घाटकोपरच्या एका शाळेत गेली. विषय इतिहास आणि नागरिकशास्त्र. इतिहासात मी हातातल्या पट्टीची तलवार करून लढाया लढायचो, आणि वर्ष संपत आलं की हेडमास्तरांची चिठ्ठी यायची, ‘नागरिकशास्त्र किती झालं?’ ते झालेलं नसायचंच. मग उरलेल्या सात-आठ तासांत राष्ट्रपतींपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळा देश मी उरकून टाकायचो. अपवाद एकाच धड्याचा, निवडणुकांच्या. तो मात्र मी चवीनं शिकवायचो, कारण त्यात मला बोलायला भरपूर वाव होता.

वर्गाच्या मॉनिटरला मी फळ्याजवळ उभं करायचो आणि मुलांना विचारायचो, ‘‘समजा, उद्या नवा मॉनिटर निवडायचाय. निवडणूक कधी घ्यायची, हे यानंच ठरवायचं. मत कोणी द्यायचं, ती यादी यानंच करायची. चिठ्ठ्याही यानंच मोजायच्या. चालेल?’’ सगळा वर्ग ओरडायचा, ‘‘नाही, सर!’’ मॉनिटरचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी सांगायचो, की आपली घटना लिहिणाऱ्यांनाही नेमकं हेच वाटलं. म्हणून त्यांनी निवडणुकीचं काम सरकारच्या हातून काढून घेतलं आणि वेगळ्या आयोगाकडे दिलं. मतदारांच्या याद्या करणंही त्याच्याकडे, देखरेखही त्याच्याकडे. निवडणूक लागली की जिल्ह्याचा कलेक्टरसुद्धा तेवढ्यापुरता आयोगाचा माणूस, मंत्र्याचा नाही. आणि आयोगाचा मुख्य आयुक्त? त्याला नेमतात राष्ट्रपती, पण एकदा नेमला की सहजासहजी काढता येत नाही. तीनशे चोविसावं कलम मी न बघता म्हणायचो. तास संपला, की घटना समितीची बैठक आटोपून आल्यासारखा मी स्टाफरूममध्ये शिरायचो आणि चहा मागवायचो.

आता कबुली देऊन टाकतो. हा धडा एकतीस वर्षं शिकवणाऱ्या माणसानं निवडणुकीची ड्युटी एकदाही केलेली नाही. शिक्षकांना ती लागतेच. मलाही दर वेळी पत्र यायचं, आणि दर वेळी माझी कंबर धरायची. कंबर फार शिस्तीची होती. आचारसंहिता लागली की धरायची आणि निकाल लागला की सुटायची. ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट तयारच असायचं. माझ्या जागी शाळा चित्रकलेच्या मास्तरांना पाठवायची, कारण चित्रकलेचे तास बुडाले तर कुणाचे आईबाप भांडायला येत नसत. ते बिचारे मतदान यंत्राची पेटी सांभाळत कुठल्या तरी परक्या शाळेच्या बाकांवर पाठ टेकायचे, आणि परत आले की मला बूथवरचे किस्से सांगायचे. ते किस्से मी पुढच्या वर्षी वर्गात स्वतःचे म्हणून सांगत असे. मुलं भारावून ऐकायची.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात मी एका बाईंचं मत जवळजवळ हिरावून घेतलं होतं. गुंडगिरी करून नव्हे. अगदी कागदोपत्री, शिक्का मारून.

निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. इमारत घाटकोपर पूर्वेला, चार मजली, अठ्ठावीस बिऱ्हाडांची. आधीचे सेक्रेटरी मुलाकडे कांदिवलीला राहायला गेले, आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘नको, नको, मला आता वाचन करायचंय,’’ असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत टाळ्या वाजल्या. मी तिसऱ्यांदा म्हणणार होतो की नाही, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत.

सेक्रेटरीला काय काय मिळतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. रबरी शिक्का मिळतो. जिन्याखालच्या ऑफिसची चावी मिळते. नोटीस बोर्डाच्या काचेच्या कुलपाची चावी मिळते, आणि त्या काचेमागे आपण लिहिलेलं वाक्य कोणालाही खोडता येत नाही. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून मी आठवड्याला दोन नोटिसा लावायचो. गच्चीवर पापड वाळत घालण्याबद्दल, जिन्यात चपला काढण्याबद्दल, चपला न काढण्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फक्त मलाच लिहिता येईल अशी सोय मी करून घेतली होती. इमारतीत शांतता नांदत होती, असं मला वाटायचं.

आणखी एक चावी होती, पंपाच्या खोलीची. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत पडतं, ते पंपानं वर चढवावं लागतं, आणि उजाडेपर्यंत वरची टाकी कोरडी झालेली असते. पंप मी सहाला सुरू करायचो, कारण मी पावणेसहाला उठतो. चावी वॉचमनकडे द्यावी अशी सूचना एकदा आली होती. मी ती ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ फेटाळली. कसली सुरक्षा, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

या सहाच्या पंपाचा त्रास व्हायचा तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते. मूळच्या कोकणातल्या. त्यांचे यजमान गिरणी बंद पडल्यावर एका कुरिअर कंपनीत लागले होते आणि तिथूनच निवृत्त झाले. वहिनी स्वतः मरोळला कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर. त्यांची पहिली पाळी असते, साडेपाचला घर सोडून त्या मेट्रो पकडतात. म्हणजे त्यांच्या अंघोळीच्या वेळी नळ फुसफुसत असायचा आणि आदल्या संध्याकाळी भरलेल्या बादलीवर त्यांचं भागायचं.

यजमान अचानक गेले. जागा त्यांच्या एकट्याच्या नावावर होती, वारस म्हणून वहिनींचं नाव नोंदवलेलं होतं. दिवसपाणी झाल्यावर वहिनी रीतसर अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या, सोबत सगळे कागद. मी अर्जावर ‘मिळाला’ असा शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला. कमिटीच्या पुढच्या सभेत तो विषय घ्यायचा, ठराव करायचा, की वहिनी सभासद. सभेची विषयपत्रिका मीच काढायचो. पुढची सभा झाली, त्याच्या पुढचीही झाली. अर्ज ड्रॉवरमध्येच होता.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, पंप जरा पाचला चालू करा ना. कामावर जाणाऱ्या बायकांचे फार हाल होतात.’’ बोलणं साधं होतं, पण मागच्या बाजूनं चारपाच जणांनी ‘‘हो, हो, बरोबर आहे’’ केलं, आणि ते मला झोंबलं. मी चष्मा काढला. वर्गात कोणाला गप्प करायचं असलं की मी चष्मा काढतो. म्हणालो, ‘‘सभेत बोलण्याचा अधिकार सभासदांना असतो.’’

वहिनी खाली बसल्या. यजमान जाऊन चार महिनेही झाले नव्हते. त्या सभासद नव्हत्या, कारण त्यांना सभासद करणारा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि हे त्या सभेत फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा मात्र मी नियमावर बोट ठेवलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

पुढे आमच्या कमिटीची पाच वर्षं भरत आली. निवडणूक घ्यायला हवी होती. मी चेअरमन आणि खजिनदार यांना बोलावून सांगितलं, की सध्या वातावरण अनुकूल नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय. ते झाल्यावर मी म्हणालो, मुलांच्या परीक्षा आहेत. परीक्षा झाल्या, तर मे महिन्यात लोक गावी जातात. मग गणपती. चेअरमन माझ्याहून वयानं मोठे, त्यांना बाकी कशाहीपेक्षा दुपारची झोप प्रिय. खजिनदार प्रत्येक वाक्याला ‘‘डन, सर’’ म्हणायचे. अशा रीतीनं निवडणुकीची तारीख ठरवणं सत्तेवर बसलेल्याच्या हातात राहिलं, आणि मला मॉनिटर आठवला नाही.

मग उपनिबंधकांच्या कार्यालयातून पत्र आलं. अमुक मुदतीत निवडणूक घ्या, नाहीतर प्रशासक नेमू. मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. ‘‘बाहेरचा माणूस येऊन आमच्या इमारतीचा कारभार बघणार? ही काय मोगलाई आहे?’’

बायको मेथी निवडत होती. ‘‘वेळेवर निवडणूक घ्या, म्हणजे कोणी येणार नाही,’’ ती म्हणाली.

निवडणूक घ्यायची तर निर्णय अधिकारी नेमावा लागतो, सोसायटीशी संबंध नसलेला. मला लगेच आमचे चित्रकलेचे मास्तर आठवले. ते आता मुलुंडला राहतात. स्वभाव गरीब, आयुष्यात कोणाला उलटून बोलले नाहीत, स्टाफरूममध्ये डुलक्या काढायचे. माझ्या इतक्या ड्युट्या केल्या, ही एक आणखी. शिवाय तालुक्याच्या मंजूर यादीत त्यांचं नावही निघालं. मी फोन केला. ‘‘नुसतं येऊन बसायचं रे. बाकी सगळं मी तयार ठेवतो.’’ ते म्हणाले, ‘‘बरं, येतो.’’ कमिटीनं त्यांच्या नेमणुकीचा ठराव केला. ‘‘डन, सर,’’ खजिनदार म्हणाले.

एवढ्यात मागच्या विंगमधल्या एका बँकवाल्या तरुणानं उमेदवारीची तयारी सुरू केली. त्याचा एकच मुद्दा होता, पंप पाचला. राखीव जागांवर कोणाची चुरस नव्हती, पण सर्वसाधारण सहा जागांसाठी आता सात जण होणार होते. म्हणजे सातांतला एक पडणार. मी हिशेब करायला लागलो की कोण कोणाला मत देईल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींपाशी आलो आणि माझं पेन थांबलं.

मतदारांची कच्ची यादी मी स्वतः केली. माझं अक्षर चांगलं आहे. सत्तावीस नावं सुवाच्य लिहिली, समासात लाल रेघ मारली. अठ्ठाविसाव्या घरासमोर लिहिलं, ‘सभासदत्व प्रलंबित’. किती सुंदर शब्द आहे! प्रलंबित म्हटलं की कोणी काही केलेलं नसतं. ते आपोआप लोंबकळत असतं. यादी मी काचेमागे लावली आणि कुलूप घातलं.

बायको भाजी घेऊन वर आली. ‘‘खाली यादी वाचली. वहिनींचं नाव राहिलं वाटतं.’’

‘‘राहिलं नाही. घेता येत नाही.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘नियमानं.’’

‘‘अहो, या इमारतीत नियम म्हणजे तुम्हीच ना?’’ ती म्हणाली आणि पिशवी ओट्यावर रिकामी करायला लागली. मी तिला तात्पुरते सभासद, वारसनोंद, ठराव वगैरे समजावून सांगितलं. ती मध्येच म्हणाली, ‘‘तो अर्ज कुठे आहे आत्ता?’’ मी म्हणालो, ऑफिसात. ‘‘ऑफिसात कुठे?’’ मी आंघोळीला गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बोर्डाजवळ उभा राहून आपलंच अक्षर न्याहाळत होतो. वहिनी खाली आल्या, हातात दुधाची पिशवी. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग परत वाचली.

‘‘सर, माझा नाव खंय गेला?’’

त्या एरवी माझ्याशी साधं मुंबईचं मराठी बोलतात. आवाजात मालवणी आलं, की त्या दुखावल्यात हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. मी म्हणालो, ‘‘ही कच्ची यादी आहे, वहिनी. हरकत असेल तर लेखी द्यायची. आठ दिवसांची मुदत आहे.’’

‘‘कोणाकडे द्यायची?’’

‘‘सेक्रेटरीकडे. म्हणजे माझ्याकडे.’’

‘‘तुमच्याबद्दलची तक्रार तुमच्याकडेच द्यायची?’’

एकतीस वर्षं मी हा प्रश्न मुलांच्या तोंडून वदवून घ्यायचो. उत्तर पाठ होतं. ते त्यांना देण्याऐवजी मी म्हणालो, ‘‘पद्धत तशी आहे.’’

त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘‘सर, बावीस वर्षं या जिन्यानं चढउतार करतेय. पगारातून हप्ते मी पण भरले. ह्यांच्या हयातीत ह्यांची सही चालायची, मला काही वाटलं नाही. आता माझी चालायला नको? पंपाचं राहू द्या, बादलीनं आंघोळ करते ती करीन. पण मी या घरात राहते, हे तरी यादीत दिसू दे.’’ आणि त्या जिना चढून गेल्या. संध्याकाळी त्यांनी हरकत लेखी आणून दिली. वहीच्या कागदावर, चार ओळी. मी ‘मिळाली’ असा शिक्का मारला.

ती हरकतसुद्धा मी ड्रॉवरमध्ये ठेवली असती का? बहुतेक हो. पण चित्रकलेच्या मास्तरांनी मध्येच फोन केला आणि विचारलं, ‘‘हरकती किती आल्या?’’ मी म्हणालो, किरकोळ एक आहे, मी बघतो. ते म्हणाले, ‘‘तू बघू नकोस. मी बुधवारी येतो. त्या बाईंना संध्याकाळी बोलावून ठेव.’’

बुधवारी ते आले. खांद्याला तीच जुनी शबनम, डोळ्यांत तीच झोप. मी चहा सांगितला होता, बिस्किटं मांडली होती. ऑफिसात वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, कारखान्यातून थेट. मास्तर खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि मला म्हणाले, ‘‘तू जरा बाहेर थांब.’’

‘‘अरे, मी सेक्रेटरी आहे.’’

‘‘म्हणूनच.’’

मी हसलो. त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, ‘‘तुला नेमलं कोणी, आठवतंय ना?’’

‘‘तू नेमलंस. नेमायचा अधिकार होता, तो तू वापरलास. संपला की आता.’’

‘‘मी तुला बदलू शकतो.’’

‘‘बदल की. उपनिबंधकांना पत्र लिही. कारण लिही की यानं यादी तपासली,’’ ते शांतपणे म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. ‘‘अरे, तुझ्या कमरेनं मला सात निवडणुका करायला लावल्या. एकदा भांडुपला केंद्राध्यक्ष होतो. एक मोठं प्रस्थ दहा माणसं घेऊन आत घुसलं. खुर्ची दे म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मत द्यायचं असेल तर रांगेत या, नाहीतर बाहेर. माझे पाय लटपटत होते रे. पण आज मी याला आत घेतला, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला काय तोंड दाखवू, असं झालं. गेला तो बाहेर. तुला सांगितलं होतं ना मी हे?’’

सांगितलं होतं. मी ते वर्गात दर वर्षी सांगायचो. माझ्या गोष्टीत माझे पाय लटपटत नसत.

मी बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. येणारेजाणारे विचारायचे, ‘‘सर, तुम्ही बाहेर?’’ मी म्हणायचो, ‘‘जरा हवा खातोय.’’ जिन्याखाली हवा नसते. पाचएक मिनिटांनी आतून हाक आली.

‘‘मूळ अर्ज कुठाय?’’ मास्तरांनी विचारलं. मी ड्रॉवर उघडला. अर्ज वरच होता, माझा शिक्का, माझी तारीख, माझी सही. त्यांनी तारीख वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘उद्या कमिटीची सभा घे, हा एकच विषय. ठराव होईल तो मला लेखी दे. अर्ज तुम्ही विषयपत्रिकेवर घेतला नाहीत, हा काही या बाईंचा दोष नाही. त्यानंतर यादी मी पक्की करीन. आत्ता फक्त खाली नाव लिहून ठेव, पेन्सिलीनं. तुझं अक्षर चांगलं आहे.’’

मी यादी पुढ्यात ओढली. अठ्ठावीस हा आकडा घातला. पेन्सिल टेकवली.

‘‘लिही.’’

मी वहिनींकडे पाहिलं. यजमानांचं नाव मला ठाऊक होतं, आडनाव ठाऊक होतं. त्याच्या आधीची जागा रिकामी होती. बावीस वर्षं एका जिन्यात, हळदीकुंकवाला आमच्या घरी येणारी बाई, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. अर्जावर ते तीनदा लिहिलेलं होतं. मी अर्ज वाचलाच नव्हता, फक्त शिक्का मारला होता.

‘‘वहिनी,’’ मी म्हणालो, ‘‘तुमचं नाव?’’

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थोड्या हसल्या. ‘‘कारखान्यात सगळे नावानंच हाक मारतात, सर. इथेच कोणी विचारलं नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि नाव सांगितलं. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीची सभा चार मिनिटांत आटोपली. त्यातली दोन चेअरमनना उठवण्यात गेली. ‘‘तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा विषय,’’ एवढंच मी म्हणालो, ठराव कोणी वाचला नाही. ‘‘डन, सर,’’ खजिनदार म्हणाले. जे काम मी वर्षभर ‘प्रलंबित’ ठेवलं होतं, त्याला एवढाच वेळ लागणार होता.

निकाल आधीच सांगून टाकतो. मी पडलो. सातांत सातवा आलो, आणि सहाव्यापेक्षा मला तीन मतं कमी होती. म्हणजे वहिनींनी मत दिलं नसतं, तरी मी पडलोच असतो, आणि मला दिलं असतं तरीही. ज्या एका मतासाठी मी एवढा खालच्या थराला गेलो, त्यानं काही फरकच पडणार नव्हता. पंप आता पाचला सुरू होतो. चावी वॉचमनकडे असते. सुरक्षेला अद्याप काही झालेलं नाही. मी अजून पावणेसहाला उठतो आणि नळ सोडतो, तेव्हा पाणी आलेलं असतं.

पण मनात राहिलाय तो मतदानाचा दिवस. रविवारची सकाळ. जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॅरमच्या स्टँडवर मतपेटी. मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘‘उमेदवारांनी पेटीपासून दूर बसायचं. मी पूर्ण नाव पुकारीन, त्यानं यायचं, सही करायची, मत द्यायचं.’’ मी मात्र पेटीशेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. पाच वर्षं ती माझी जागा होती, सवयीनं बसलो, आणि संकोचानं मला कोणी उठवलं नाही.

नावं पुकारली जात होती. लोक येत होते, एकमेकांची टर उडवत होते, चेअरमननी चुकून आधारकार्डच पेटीत टाकायला घेतलं. सत्तावीस झाले. मास्तरांनी अठ्ठाविसावं नाव पुकारलं, बाईंचं स्वतःचं, मग यजमानांचं, मग आडनाव. सावकाश, स्पष्ट.

कोणी उठलं नाही. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. खजिनदार माझ्या कानाशी लागले, ‘‘सर, ह्या कोण? भाडेकरू आहे का कोणी?’’ हळदीकुंकवाला एकत्र बसणाऱ्या बायकाही एकमेकींकडे बघत होत्या. त्या सगळ्यांत ते नाव ओळखणारा मी एकटा, आणि मलाही ते त्या बुधवारी, विचारूनच कळलेलं.

शेवटच्या रांगेतून वहिनी उठल्या. त्यांनाही क्षणभर कळलं नसावं, की इथे, या जिन्यापाशी हे नाव आपलं आहे. ‘‘अरे, वहिनी होय!’’ चेअरमन म्हणाले आणि सगळे हसले. वहिनी पुढे आल्या, सही केली, मतपत्रिका घेऊन आडोशाला गेल्या. घडी घालून परत आल्या. मला भरून आलं होतं. काहीतरी करावंसं वाटत होतं. मी खुर्चीतून उठलो, त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली, ताई जोडून, आणि मतपेटीकडे हात करून म्हणालो, ‘‘या, या ना.’’

त्या थांबल्या. हातातली घडी त्यांनी पदराआड धरली.

‘‘सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही आधी पेटीपासून लांब जा.’’

मी खुर्ची उचलली आणि लांब जाऊन बसलो.